दरी उजव्या हाताला

त्या कार्तिकात आमच्या घरात एकही माणूस धड नव्हता. आणि त्यातही जो सगळ्यांत जास्त मोडीत निघालेला होता, तोच सगळ्यांना सांगत फिरत होता की मला काही झालेलं नाही. ते म्हणजे माझे वडील, आमचे आप्पा.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. माझं माहेर शिरूर तालुक्यातलं निमोणे आणि सासर दौंडला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. नवरा मालगाडीच्या इंजिनावर असिस्टंट ड्रायव्हर होता. दिवाळी झाली आणि आप्पा-आई आमच्याकडे राहायला आले, कारण आप्पांना नीट दिसत नाही असा संशय अख्ख्या गावाला होता, फक्त आप्पांना नव्हता. रक्तदाब तपासून येऊ असं खोटं सांगून मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी हात पुढे धरला आणि विचारलं, "आजोबा, किती बोटं आहेत?"

"मान्साला असत्यात तेवढी," आप्पा म्हणाले.

डॉक्टर हसले, मी नाही हसले. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता आणि चांगला पिकलेला होता. महिना संपायच्या आत एक डोळा करून घ्या, आणखी थांबलात तर डोळा हातचा जाईल, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं आणि महिनाअखेरचा मंगळवारही ठरवून दिला. रिक्षात बसल्यावर आप्पांनी धोतर सावरलं. मग म्हणाले, "पिकल्यावर आंबाबी आपसूक पडतो. त्याला कापाकापी कशाला?"

या हट्टामागे कारण होतं आणि ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. माझ्या थोरल्या चुलत्यांनी फार पूर्वी कुठल्याशा शिबिरात डोळा करून घेतला होता. पट्टी सोडली तेव्हा ते म्हणाले होते, पट्टी होती तेच बरं होतं. त्यांचा तो डोळा पुन्हा कधी उघडून उपयोगी पडला नाही. तेव्हापासून आप्पांचं गणित पक्कं होतं: जेवढं दिसतंय तेवढं आपलं, ते कुणाच्या हातात द्यायचं नाही. मी रडून पाहिलं, भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. शेवटी त्यांनी एक अट घातली. "येकदा घाट बघून घिऊ दे ह्या डोळ्यांनी. मग काय ते बघू."

घाट म्हणजे लोणावळा-खंडाळ्याचा. आप्पांच्या लहानपणी आमच्या घरी मेंढरं होती. दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, कोंबड्या, पोरंबाळं असा सगळा बारदाना चालत घाट उतरून कोकणात जायचा. तिकडच्या शेतांत मेंढरं बसवायची, त्यांच्या खतापायी शेतकरी भात द्यायचे आणि उन्हाळा सरला की पुन्हा घाट चढून यायचं. पुढे आजोबांनी मेंढरं विकली, निमोण्यात जमीन कसायला घेतली आणि आप्पा शेतकरी झाले. घाट मात्र त्यांच्या डोक्यातून गेला नाही. घरात कुणी माळ्यावर चढलं तरी त्यांना घाट आठवायचा. मी अट कबूल केली आणि मंगळवारच्या आतच घाट बघायला जायचं ठरवून टाकलं.

पण मधे बाकीच्यांची दुखणी आणि आनंद रांगेत उभे होते.

आधी नवऱ्याचं प्रमोशन झालं. असिस्टंटचा तो पुरा ड्रायव्हर झाला, आणि त्याच आठवड्यात त्याला बसायच्या जागी गळू झालं. ज्या माणसाला रेल्वेनं ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं त्याला देवानं उठवून उभं केलं. तो पेढे उभ्यानं वाटायचा, उभ्यानं जेवायचा आणि पालथा झोपायचा. कॉलनीतली माणसं अभिनंदन करायला यायची आणि मुद्दाम म्हणायची, "अहो, बसा की, ड्रायव्हरसाहेब!" शेवटी त्यानं सिक रिपोर्ट केलं, म्हणजे आजारपणाची रजा टाकली, आणि घरात येरझाऱ्या घालू लागला.

आईला गळवावर पोटीस बांधायची भारी हौस. तिनं कणीक आणि हळद शिजवून गोळा तयार केला आणि विचारलं, "कुठशिक हाय, जावईबापू?"

सासूला जागा सांगायची कशी? "पाठीवर," तो म्हणाला.

आईनं पाठ बघितली. पाठ स्वच्छ होती. "हितं तर काय न्हाई."

"जरा खाली," तो म्हणाला.

"किती खाली?"

यावर तो बाहेर अंगणात निघून गेला. पोटीस मी बांधलं आणि आई दोन दिवस आतल्या खोलीत तोंडाला पदर लावून हसत होती. आप्पांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण उभ्या असलेल्या जावयाकडे मान वर करून ते रोज म्हणायचे, "बसा, बसा. आपलंच घर हाय."

आई त्या महिन्यात एकसारखी बोलत असायची, हे मला तेव्हा खटकलं होतं. जन्मभर मोजकं बोलणारी बाई, पण आता आप्पांच्या शेजारी बसली की तिची टकळी चालूच. उंबरा हाय. ठेचा डाव्या अंगाला हाय. पाव्हणं आलं, पांढरा सदरा. मला वाटलं, वयोमानानं बडबडी झाली. टीव्हीसमोर सुद्धा तसंच. एकदा ती स्वयंपाकघरात असताना वाऱ्यानं अँटेना फिरला आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या नाचू लागल्या. आप्पा बराच वेळ एकटेच बघत होते. मग मला म्हणाले, "कुठंतरी मोप पाऊस लागलाय बग." तेव्हा मी पोट धरधरून हसले होते.

मग धाकट्या भावाचा साखरपुडा आला. मुलगी केंदूरची. सगळं ठरलेलं, मांडव घातलेला आणि आदल्या दिवशी भावाला गालगुंड झालं. एक गाल जागेवर आणि दुसरा पाटसच्या रस्त्यानं निघाल्यासारखा. पुढे ढकलावं तर मुलीकडचे बुंदी पाडून बसलेले. मी त्याच्या तोंडाला माझ्या नवऱ्याचा मफलर गुंडाळला आणि सर्दी आहे म्हणून सांगायचं ठरलं. फोटोग्राफरला पढवून ठेवलं की एकाच बाजूनं फोटो काढायचे. मुलीच्या मावशीनं मफलरातून डोकावणारा गाल निरखला आणि समाधानानं म्हणाली, "खात्यापित्या घरचा दिसतुया पोरगा."

पण त्या दिवसाची खरी कमाल आप्पांनी केली. बायका आत मुलीची ओटी भरत होत्या, आई आत, मीही आत. बाहेर मुलाच्या बापानं मुलीच्या बापाला फेटा बांधून मान द्यायचा होता. आप्पा उठले, फेटा घेऊन दमदार पावलं टाकत गेले आणि त्यांनी तो स्पीकर लावणाऱ्याला बांधला. हातात वायर धरून उभा असलेला तो गडी बिचारा बावचळला, पण फेटा बांधून घेतला. व्याही तिकडे खुर्चीत बसून बघत राहिले. मांडव चिडीचूप झाला. माझा भाऊ मफलरातून काहीतरी म्हणाला, पण गालामुळे कुणाला कळलं नाही.

काहीतरी चुकलं हे आप्पांना त्या शांततेवरून उमगलं. ते खणखणीत आवाजात म्हणाले, "पयला मान राबणाऱ्याचा. मग आपुन पाव्हणं-पाव्हणं हायतोच की."

अख्ख्या मांडवानं टाळ्या वाजवल्या. केंदूरच्या सरपंचांनी उठून आप्पांचे हात धरले, असा मोठ्या मनाचा सोयरा मिळायला भाग्य लागतं म्हणाले. व्याह्यांना घाईघाईनं दुसरा फेटा आणून बांधला, तो आईनं आप्पांचा हात धरून बांधवला. स्पीकरवाला दिवसभर फेटा मिरवत होता. परत येताना बसमध्ये मी आप्पांना विचारलं, "खरंच तुमच्या मनात होतं का तसं?" ते म्हणाले, "मंग? मला काय दिसत न्हाई व्हय?"

पुढे भाऊ बरा झाला आणि केंदुराहून निरोप आला की मुलीचा गाल सुजलाय, तिच्या भावाचाही आणि त्या मावशीचाही. साखरेबरोबर आम्ही गालगुंडही वाटून आलो होतो.

मंगळवार जवळ आला. त्याच्या आधीच्या शनिवारी आम्ही घाटाला निघालो. आप्पा, आई, बरा झालेला भाऊ, मी आणि नवरा. गळू फुटलं होतं, पण नवऱ्याला अजून टेकवत नव्हतं. कर्जतपर्यंत जायचं, वडा खायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं, एवढाच बेत. आप्पांनी धुतलेलं धोतर, कडक टोपी, कोट असा लग्नाचा थाट केला होता.

नवऱ्यानं आदल्या दिवसापासून आम्हाला बजावलं होतं, "मुंबईकडे जाताना दरी उजव्या हाताला असते. उजव्या खिडक्या धरायच्या. डावीकडे बसाल तर डोंगर बघत बसाल. मला विचारा, मी लाईनवरचा माणूस आहे." मनमाडकडून गाडी आली, निम्मी रिकामीच. लाईनवरच्या माणसानं प्लॅटफॉर्मवर उभं राहून इंजिनाकडे तोंड केलं, उजवा हात वर केला आणि आम्ही त्या हाताच्या दोन्ही खिडक्या पकडल्या. आप्पांना खिडकीशी बसवलं, शेजारी आई. समोर भाऊ आणि मी. नवरा उभा.

आता दौंडची गोष्ट अशी की मनमाडकडून आलेल्या गाडीला पुण्याला जायचं तर इथे तोंड फिरवावं लागतं. पुढचं इंजिन सोडतात, दुसरं मागच्या टोकाला लावतात, आणि ज्या दिशेनं गाडी आली तिकडेच तोंड करून निघते. दौंडच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. माझा नवरा तर त्याच कामात पोट भरत होता. पण त्याचं सगळं आयुष्य इंजिनात गेलं होतं. इंजिन जिकडे, तिकडे पुढं. डब्यात बसलेल्या माणसाची डावी-उजवी त्याच्या डोक्यात कधी आलीच नव्हती. मागच्या बाजूनं धाडकन धक्का बसला, डबा हादरला आणि त्याचा चेहरा उतरला.

"काय झालं?" मी विचारलं. "दुखतंय का?"

"नाही," तो म्हणाला. गाडी सुटली, उलट्या दिशेनं. मी त्याच्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं आणि मला उलगडलं. पलीकडच्या उजव्या खिडक्या एव्हाना भरल्या होत्या. "पुण्याला बघू," तो पुटपुटला. पुण्याला उतरले चार आणि चढले चाळीस. पलीकडच्या बाकांवर चौघे जण आले, मांडीवर टॉवेल पसरला आणि पत्ते पिसायला लागले. डोळ्यांवर ऊन येतं म्हणून त्यांनी खिडक्यांची शटरं खाली ओढून घेतली. म्हणजे ज्यांच्याकडे दरी होती त्यांनी ती झाकून ठेवली होती.

लोणावळ्याला ब्रेक तपासायला गाडी थांबली तेव्हा मी त्यांना जाऊन विनवलं. म्हाताऱ्या माणसाला घाट बघायचाय, जरा जागा बदलता का? त्यातला चष्मेवाला पत्त्यांतून डोकं वर न काढता म्हणाला, "ताई, डाव रंगात आलाय. कर्जतला घ्या जागा." कर्जतला काय फलाट बघायचाय? मी तोंडातलं तोंडात ठेवलं आणि जागेवर येऊन नवऱ्याकडे असं बघितलं की तो आणखी थोडा सरळ उभा राहिला.

खंडाळा मागे पडला. गाडी हळू झाली, चाकांचा आवाज बदलला. आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खिडकीच्या गजांना कपाळ लावलं.

"बोगदा आला," ते म्हणाले आणि खरंच बोगदा आला. बोगदा संपला आणि उजेड पडला. आमच्या खिडकीबाहेर दोन हातांवर उभा कापलेला काळा खडक सरकत होता. ओला, शेवाळलेला, मधेच गवताचे झुपके. दुसरं काही नाही.

"ती बग," आप्पा म्हणाले. "ती बग दरी. केवढी खोल हाय."

भावानं तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"तळाला वढा हाय बग, चांदीवानी. त्येच्या अंगानं पळसं हायती. तितं बसायची आपली मेंढरं. माझी आई तीन दगडं मांडून चूल करायची." ते बोट दाखवत होते. बोटाच्या समोर खडक होता. "तवा न्हवता येवढा रस्ता. आमी पलीकडच्या सोंडंनं उतरायचो. ती सोंड. दिसली का?"

"हूं," आई म्हणाली.

मला एकदम सगळं कळलं. तो उंबरा, तो ठेचा, ते पांढरे सदरे, तो फेटा, टीव्हीतला पाऊस. त्यांना कमी दिसत नव्हतं, त्यांना दिसतच नव्हतं. महिनाभर मी ह्यालाच हसत होते. आणि ते इतक्या आनंदात बोलत होते की कुणाची त्यांना थांबवायची छाती होईना. पलीकडचे पत्ते थांबले होते. चष्मेवाला खडकाकडे बघत होता, मग आप्पांकडे, मग पुन्हा खडकाकडे.

"घोड्याच्या पाठीवर कोंबड्या बांधल्याल्या असायच्या. येक कोंबडी सुटली हुती ह्या वळणाला, आख्खा दीस धुंडली," आप्पा सांगत होते. मग थांबले. "हूं का म्हनंनास?"

आई खिडकीबाहेरच्या खडकाकडे बघत होती.

"झोपलीस व्हय गं?"

"न्हाई," आई म्हणाली. "आवं, तितं दगूड हाय."

"कुठं?"

"तुमी बोट दावताय तितं. निस्ता काळा दगूड. समदीकडं दगूडच हाय. दरी पल्याडच्या खिडकीला हाय."

आप्पांचं बोट तसंच गजांतून बाहेर राहिलं. मग त्यांनी ते हळूच आत घेतलं आणि मांडीवरची टोपी चाचपून डोक्यावर घातली. आमच्या घरात इतकी वर्षं कुणी त्यांना असं उघडं पाडलं नव्हतं आणि आईनं तर कधीच नाही. माझे डोळे भरून आले. भाऊ खाली बघत होता.

चष्मेवाल्यानं टॉवेलासकट पत्ते गुंडाळले. "आजोबा, इकडं या," तो म्हणाला आणि चौघेही उठून उभे राहिले. एकानं शटर वर ढकललं. आईनं आप्पांना हाताला धरून पलीकडे नेलं आणि खिडकीशी बसवलं. समोर सगळा डोंगर उघडा पडला होता, दरी पार खालपर्यंत उन्हात न्हालेली. आप्पांच्या तोंडावर लख्ख ऊन पडलं.

"काय दिसतंय, आप्पा?" भावानं विचारलं.

"उजेड हाय," आप्पा म्हणाले. "निस्ता उजेड." मग आईकडे तोंड करून म्हणाले, "तू सांग."

आईनं आयुष्यात पहिल्यांदाच घाट बघितला होता. ती गजांना धरून उभी राहिली. "लई खोल हाय. मला गरगरतंय बगूनच. खाली येक ट्रक चाललाय, मुंगीयेवढा. झाडं हायती. वढा हाय."

"चांदीवानी?"

"न्हाई. मातकट हाय."

"कार्तिकात मातकट नसतो. नीट बग."

"बगतीय मी का तुमी?" आई म्हणाली.

चष्मेवाला हसला. आप्पाही हसले, थोडंसं. गाडी एका पुलावरून गेली, पुन्हा बोगद्यात शिरली. बाहेर आल्यावर आप्पांनी तोंड खिडकीकडेच ठेवून विचारलं, आम्हाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"आन् डोळा गेला तर गं? थोरल्यासारका?"

"गेला तर गेला," आई म्हणाली. "आतापतुर कोण बगत हुतं?"

आप्पांनी मान हलवली. कितीतरी वेळ ते गजांवर बोटं फिरवत राहिले.

"मंगळवारच म्हनला न्हवं डाक्तर?" त्यांनी मला विचारलं.

"हो, आप्पा. मंगळवार."

"बरं. जाऊ मंगळवारी." आणि आईच्या पदराला हात लावून म्हणाले, "तू सांग म्होरं. वढ्याच्या पल्याड काय हाय?"